शब्दाची जात कामावरून



या सदरात आपण बियाणे, खते, रोग-किडी यांविषयी बोलतो. आज विषय वेगळा आहे. इंग्रजी व्याकरणाचा. ‘साहेब, तुम्ही मास्तर कधीपासून झालात?’ असे कोणी विचारील. पण हा विषय मला शाळेत नव्हे, एका गोठ्याच्या दारात भेटला. म्हणून तो याच सदरात सांगणे मला भाग आहे.

पेरणीचे दिवस होते. एका शेतकऱ्याच्या मक्याची उगवण पाहायला गेलो होतो. शेत पाहून घरी चहाला आलो, तर गोठ्याच्या दारात एक बादली दिसली. बादलीत मका भिजत घातलेला आणि पाणी गुलाबी झालेले! शेजारी बियाण्याची रिकामी पिशवी पडलेली. पेरून उरलेले किलोभर बी आजीने नुकत्याच व्यालेल्या गाईच्या आंबोणासाठी भिजवले होते. एवढे महागाचे दाणे टाकून कसे द्यायचे, हा तिचा साधा हिशेब.

मी म्हणालो, “आजी, हे औषध लावलेलं बी आहे. गाईला घालायचं नाही.”

आजी म्हणाली, “अहो साहेब, नातीनं पिशवी वाचून दाखवलीय. माणसानं खाऊ नये, जनावराला घालावं, असं लिवलंय त्यावर.”

नात सातवीत. तिला बोलावले. तिने पिशवीवरचे वाक्य घडाघडा वाचले: ‘डू नॉट यूज फॉर फूड, फीड ऑर ऑइल पर्पजेस.’ उच्चार स्वच्छ, कुठे अडखळली नाही. अर्थ विचारला तर म्हणाली, “अन्नासाठी वापरू नका, खाऊ घाला...” आणि पुढच्या ‘ऑइल’पाशी गप्प झाली.

तिचे कुठे चुकले ते पाहा. ‘फीड’ म्हणजे खाऊ घालणे, हे तिने पुस्तकात वाचले होते आणि ते खरेच आहे. पण या वाक्यात ‘फीड’ म्हणजे खाऊ घालणे नव्हे, जनावरांचे खाद्य. वाक्याचा खरा अर्थ असा, की हे बी माणसाच्या अन्नासाठी, जनावरांच्या खाद्यासाठी किंवा तेल काढण्यासाठी वापरू नका. एका शब्दाची जात चुकली आणि ‘घालू नका’चे ‘घाला’ झाले. गाईचे नशीब बलवत्तर, म्हणून मी वेळेवर पोचलो. दाणे विहिरीपासून दूर खड्डा करून पुरले. पाणी गोठ्याकडे जाऊ दिले नाही, ती बादलीही जनावरांच्या वापरातून काढली.

पोरीचे डोळे भरून आले. आजोबांनी तिचे दप्तर माझ्यापुढे ठेवले. त्यात व्याकरणाचे गाइड होते, वही होती. ‘पार्ट्स ऑफ स्पीच’च्या आठही व्याख्या तिला तोंडपाठ. चाचणीत दहापैकी नऊ गुण. आजोबा म्हणाले, “साहेब, पुस्तकाला पैसे कमी पडू देत नाही मी. पण चांगलं पुस्तक कोणतं ते तरी सांगा.”

त्यांचा हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांचा असेल. 2000 सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. घरोघरी मुले इंग्रजी वाचतात. पण वाचणे निराळे आणि समजणे निराळे. म्हणून आज त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

आधी एक मूळ गोष्ट समजून घेऊ. कांद्याचे बी घेताना आपण जात विचारतो. जात कळली की हंगाम कळतो, टिकवण कळते. शब्दांच्याही अशाच आठ जाती आहेत: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. इंग्रजीत त्यांनाच अनुक्रमे नाउन, प्रोनाउन, अ‍ॅडजेक्टिव्ह, व्हर्ब, अ‍ॅडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन आणि इंटरजेक्शन म्हणतात. ही जुळणी योगायोगाने झालेली नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचे व्याकरण छापले, त्या काळापासून आपले शालेय व्याकरण पुष्कळसे इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचले गेले. म्हणजे ज्या मुलाला मराठीतल्या आठ जाती नीट कळल्या, त्याचे निम्मे काम झाले. घरातले मराठी व्याकरणाचे पुस्तक हेच इंग्रजी व्याकरणाचे पहिले पुस्तक समजा. त्याला वेगळा पैसा लागत नाही.

मग उरलेले निम्मे काय? तर मराठीत शब्दाची जात बहुधा त्याच्या रूपावरून कळते. ‘पेर’ म्हटले की क्रिया, ‘पेरणी’ म्हटले की नाम. ‘फवार’ ही क्रिया, ‘फवारणी’ हे नाम. इंग्रजीत मात्र ‘स्प्रे’ या एकाच शब्दाने फवार, फवारणी आणि फवारा ही तिन्ही कामे होतात. ‘वॉटर’ म्हणजे पाणी आणि ‘वॉटर’ म्हणजेच पाणी देणे. ‘प्लँट’ म्हणजे रोप आणि ‘प्लँट’ म्हणजेच लावणे. ‘वीड’ म्हणजे तण आणि ‘वीड’ म्हणजेच निंदणे. ‘हार्वेस्ट’ म्हणजे काढणी आणि काढणी करणेही. आता ही दोन वाक्ये पाहा:

‘वॉटर द प्लँट.’ म्हणजे रोपाला पाणी दे.

‘द प्लँट नीड्स वॉटर.’ म्हणजे रोपाला पाणी हवे आहे.

पहिल्यात ‘वॉटर’ हे क्रियापद आहे, दुसऱ्यात नाम. शब्द तोच, जागा बदलली, काम बदलले, जात बदलली. इंग्रजीत शब्दाची जात जन्माने ठरत नाही, कामावरून ठरते. माणसांच्या बाबतीत थोर लोकांनी आपल्याला हेच सांगितले. इंग्रजी शब्दांनी ते आधीपासून पाळले आहे, एवढेच!

म्हणून ‘फीड ही कोणती जात?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘या वाक्यात फीड कोणते काम करतो?’ असे विचारायला हवे. नातीच्या गाइडात शब्दांच्या याद्या होत्या. नामे इतकी, क्रियापदे इतकी. ‘फीड’ क्रियापदांच्या यादीत होता आणि तिने तो इमानाने पाठ केला. दोष तिचा नाही, यादीचा आहे.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण मीही त्याच वाटेने गेलेला आहे. मराठी शाळेतून कृषी महाविद्यालयात गेलो, तर सगळी पुस्तके इंग्रजी. फळबागेच्या धड्यात ‘द ट्री बेअर्स फ्रूट’ असे वाक्य आले. शब्दकोशात ‘बेअर’ काढला, पहिलाच अर्थ अस्वल. झाड, अस्वल आणि फळ यांचा मेळ बसेना! ‘बेअर’ क्रियापद असताना त्याचा अर्थ धारण करणे, फळ धरणे असा होतो, हे त्याच पानावर खाली छापलेले होते. पुढे ‘टिल द सॉइल’ आले. ‘टिल’ म्हणजे ‘पर्यंत’ एवढेच मला ठाऊक. तिथे तो क्रियापद आहे आणि अर्थ आहे जमिनीची मशागत करणे. शब्दकोशात प्रत्येक शब्दापुढे एक बारीक अक्षर छापलेले असते. ‘एन’ असेल तर नाम, ‘व्ही’ असेल तर क्रियापद, ‘एडीजे’ विशेषण, ‘एडीव्ही’ क्रियाविशेषण. ‘व्हीटी’ असेल तर सकर्मक क्रियापद, ‘व्हीआय’ असेल तर अकर्मक. ते बारीक अक्षर मी वर्षभर डोळ्याआड केले. ज्या दिवशी ते पाहायला लागलो, त्या दिवसापासून शब्दकोश माझ्याशी बोलू लागला. शब्दांच्या जाती शिकायच्या त्या परीक्षेतल्या दोन गुणांसाठी नाहीत. अनेक अर्थांतला नेमका अर्थ उचलता यावा, यासाठी त्या आहेत.

आता पुस्तक कसे निवडावे ते सांगतो. बाजारात व्याकरणाच्या पुस्तकांचा ढीग आहे. बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो. पुस्तक घेतानाही चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली: पुस्तकात व्याख्येपुढे नुसते शब्द आहेत, की पुरी वाक्ये आहेत? नुसत्या याद्या असतील तर पुस्तक जागेवर ठेवा.

दुसरी: एकच शब्द दोन जातींत वापरून दाखवला आहे का? ‘वॉटर’, ‘प्लँट’, ‘वर्क’, ‘फास्ट’ यांपैकी एखादा शब्द शोधा. सापडला तर लेखकाला विषय कळला आहे असे समजा.

तिसरी: समजावणी मराठीत आहे का, आणि इंग्रजी वाक्यांचा मराठी अर्थ दिला आहे का? सुरुवात करणाऱ्याला इंग्रजीतून इंग्रजी समजावणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलून पोहण्याचे नियम सांगणे.

चौथी: सरावाची उत्तरे शेवटी दिली आहेत का? घरात तपासायला कोणी नसेल तर उत्तरांवाचून सराव फुकट जातो.

ही परीक्षा लावली की लक्षात येईल, चांगली साधने फार महाग नाहीत. अशी काही साधने सांगतो.

सर्वांत आधी बालभारतीची इंग्रजीची पाठ्यपुस्तके. मूल सातवीत असेल आणि कच्चे असेल, तर पाचवीचे पुस्तक पुन्हा काढा. त्यात कमीपणा नाही. विरळ झालेल्या पिकात नांग्या भराव्याच लागतात. वरच्या वर्गात गेलेल्या मुलाचे जुने पुस्तक मागून आणा. बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती फुकट उतरवूनही घेता येतात. पुस्तकातल्या चौकोनी ठिपक्यांच्या खुणेवर दीक्षा अ‍ॅप धरले की मोबाइलवर त्या धड्याचे जास्तीचे साहित्य मिळते.

दुसरे साधन शब्दकोश. घरात एकच पुस्तक घेण्याची ऐपत असेल तर गाइड घेऊ नका, शब्दकोश घ्या. तो इंग्रजी-मराठी असावा, शब्दापुढे जातीची खूण असावी आणि शक्यतो उदाहरणाचे वाक्यही असावे. ऑक्सफर्डचा इंग्रजी-इंग्रजी-मराठी कोश अशा प्रकारचा आहे. दुकानात उघडून ‘फीड’ काढून पाहा. नाम आणि क्रियापद असे दोन्ही अर्थ वेगवेगळे दिले असतील तर कोश घरी न्यावा.

तिसरे साधन, आपल्या वाडवडिलांनी वापरलेली तर्खडकर भाषांतर पाठमाला. तिचे तीन भाग आहेत आणि ती आजही छापली जाते. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करायला लावून ती शिकवते. भाषा काहीशी जुनी वाटेल, पण वाक्यातून शिकवण्याची तिची रीत पक्की आहे. ज्यांची शाळा सुटून वर्षे झाली, त्या मोठ्या माणसांना, विशेषतः घरच्या सुनांना, ती चांगली उपयोगी पडते.

चौथे, रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण. त्याचे नाव सगळे घेतात आणि पालक हौसेने आणतात. ग्रंथ चांगला आहे, पण तो इंग्रजीतूनच समजावतो. नववी-दहावीनंतर, पाया झाल्यावर घ्यावा. पाचवीच्या मुलाच्या हाती देणे म्हणजे वासराच्या मानेवर जू ठेवणे.

मोबाइलवर ब्रिटिश कौन्सिलचे ‘लर्न इंग्लिश’ हे संकेतस्थळ आहे. तिथे व्याकरणाचे पाठ आणि सराव आहेत, पण तेही थोडे येऊ लागल्यावरचे साधन. मोबाइलने आपोआप केलेल्या भाषांतरावर मात्र औषधाच्या किंवा बियाण्याच्या बाबतीत विसंबू नका. यंत्रही कधी कधी शब्दाची जात चुकते, आणि चूक झाली तर गोठा आपला असतो.

आणखी एक सूचना. कुठल्या पुस्तकात इंग्रजी शब्दांच्या जाती आठ दिल्या असतील, तर कुठे नऊ. जुनी पुस्तके ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ हे शब्द विशेषणांत धरतात; नवी पुस्तके त्यांची ‘डिटरमायनर’ नावाची वेगळी जात करतात. दोन्ही बरोबर आहेत. परीक्षेपुरते शाळेच्या पुस्तकाप्रमाणे लिहावे.

आता घरचा अभ्यास. रोज वही घेऊन एकच वाक्य लिहावे. वाक्य शेतीतले असावे, कारण अर्थ आपल्याला आधीच ठाऊक असतो. आपण त्या गुलाबी बादलीचे वाक्यच घेऊ.

आधी क्रियापद शोधा. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी बसते. इंग्रजीत सूचना द्यायची असली की ते सुरुवातीलाच येते. वापरा, हलवा, धुवा, ठेवा या अर्थांचे ‘यूज’, ‘शेक’, ‘वॉश’, ‘कीप’ हे शब्द सूचनांच्या आरंभी दिसतात. ‘डू नॉट’ पुढे असले की तीच गोष्ट करायची नाही. आपल्या वाक्यात ‘डू नॉट यूज’, म्हणजे वापरू नका. क्रियापद सापडले.

मग बारीक शब्द पाहा. इथे ‘फॉर’ आहे. हे शब्दयोगी. मराठीत शब्दयोगी नामाच्या मागून येते आणि त्याला चिकटते: झाडाखाली, पिकासाठी. इंग्रजीत ते नामाच्या आधी येते आणि सुटे राहते: ‘अंडर द ट्री’, ‘फॉर द क्रॉप’. म्हणून नियम लक्षात ठेवा: ‘फॉर’, ‘इन’, ‘फ्रॉम’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’ असे शब्दयोगी दिसले की त्याच्यापुढे नामाची वाट पाहावी. ‘बिफोर हार्वेस्ट’ म्हणजे काढणीपूर्वी, ‘आफ्टर हार्वेस्ट’ म्हणजे काढणीनंतर. औषधाच्या सूचनेत या दोहोंत उलटापालट झाली तर काय होईल, ते तुम्हांला सांगायला नको.

शेवटी जोडणारा शब्द पाहा. ‘ऑर’ म्हणजे किंवा. हे उभयान्वयी. अशा रांगेत ते बहुधा एकाच प्रकारचे काम करणारे शब्द जोडते, जसे जुवाला बैलाशेजारी बैलच जुंपावा लागतो. ‘फूड’ हे नाम, ‘ऑइल’ हे नाम. मग त्यांच्यामधला ‘फीड’ एकटाच क्रियापद कसा असेल? तोही नामच. नात जिथे गप्प झाली, तिथेच हे उत्तर होते.

असे एक वाक्य उलगडायला दहा मिनिटे लागतात. आठवड्याला सहा वाक्ये झाली तरी वर्षात तीनशेवर होतात. वाक्याखाली प्रत्येक शब्दाची जात लिहावी आणि शंका आली तर शाळेत गुरुजींना, बाईंना विचारावे. गावात ग्रंथालय असेल तर तिथला शब्दकोश पाहावा. नसलेला मागवायला सांगावे.

मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळा. अभ्यासासाठी मुलांच्या हाती औषधाच्या बाटल्या किंवा बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पिशव्या देऊ नका. वाक्य मोठ्या माणसाने कागदावर उतरवून द्यावे. अशा पिशव्यांत पुन्हा धान्य किंवा पेंड भरू नये. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोणी खूण असते. लाल म्हणजे सर्वांत जास्त विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. ही खूण निरक्षर माणसालाही वाचता येते. आत घडीचे माहितीपत्रक असते, त्यात मराठी मजकूर असेल तो आधी वाचा. तरीही शंका उरली तर अंदाज करू नका. किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर फुकट विचारता येते, आणि तेही मराठीत. जनावराने चुकून असे बी खाल्ले तर ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवा आणि ती पिशवी त्यांना दाखवा.

काही दिवसांनी त्या घरावरून गेलो होतो. आजोबांनी नवे गाइड आणले नव्हते. शब्दकोश आणला होता, आणि जुना पाचवीचा इंग्रजी वाचक शेजाऱ्यांकडून मागून घेतला होता. नातीने वही दाखवली. पहिल्या पानावर तेच पिशवीवरचे वाक्य, प्रत्येक शब्दाखाली त्याची जात. ‘फीड’खाली लिहिले होते: नाम. गोठ्यात गाय रवंथ करीत बसली होती. आजी म्हणाली, “आता पोर मला अर्थ सांगायच्या आधी दोनदा वाचती.”

दोनदा वाचणे, हीच शिकण्याची खरी सुरुवात आहे. तुमच्या घरातल्या मुलाला आज एक वाक्य लिहून द्या. आणि तुम्हीही त्याच्याशेजारी बसा.

पुढच्या आठवड्यात कांद्याच्या रोपवाटिकेविषयी बोलू.